वेबसाइट दिसते छान, पण सगळ्यांना वापरता येते का?



ऑनलाइन विक्रीच्या आपल्या मालिकेत डोमेन घेऊन झालं, फोटो काढून झाले, पेमेंटही जोडून झालं. आजचा विषय त्यापुढचा आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राहून जाणारा आहे. तुमच्या वेबसाइटवर आलेल्या माणसाला डोळ्यांनी नीट दिसत नसेल, ऐकू येत नसेल, हात थरथरत असेल, तर त्याला तुमच्याकडून वस्तू घेता येते का? या विषयाला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. मराठीत सुगम्यता. शब्द जड वाटला तर एवढंच लक्षात ठेवा: दुकानाला पायऱ्या आहेत की उतार आहे?

व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय. इथे तेच सविस्तर लिहून देतोय, म्हणजे लेख समोर ठेवून एकेक काम टिक करत जाता येईल.

आधी ग्राहक ओळखूया

एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, तुमचा घरगुती फराळाचा आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. छोटीशी वेबसाइट आहे, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हाच खरा सीझन. त्या पंधरा दिवसांत हे पाच जण तुमच्या साइटवर येतात:

१. पूर्णपणे अंध असलेले बँक कर्मचारी. ते मोबाइलवर स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. अँड्रॉइडमध्ये त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही फोनमध्ये फुकटच असतात.

२. मोतीबिंदू सुरू झालेल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या आजी. त्यांना दिसतं, पण फिकट अक्षरं दिसत नाहीत.

३. ऐकू न येणारा तरुण. वाचतो, लिहितो, यूपीआय करतो. फक्त फोनवर बोलू शकत नाही.

४. पार्किन्सन्समुळे हात थरथरणारे काका. बारीक बटणावर बोट नेमकं टेकत नाही.

५. लाल-हिरवा फरक न ओळखता येणारे गृहस्थ. त्यांना रंगांधळेपणा आहे हे घरच्यांनाही माहीत नाही.

पाचही जणांच्या खिशात पैसे आहेत, पाचही जणांना चकली हवी आहे. आता तुमची साइट त्यांना ती घेऊ देते का, एवढाच प्रश्न आहे.

"माझ्याकडे असे ग्राहक येतच नाहीत हो," असं अनेक जण म्हणतात. पण ते येत नाहीत की येऊन परत जातात, हे तुम्हाला कळणार कसं? दुकानाच्या पायरीवरून परत गेलेला माणूस निदान दिसतो तरी. वेबसाइटवरून परत गेलेला माणूस दिसत नाही. तो तक्रारही करत नाही. तो दुसरीकडे ऑर्डर देतो, किंवा घरातल्या कुणालातरी "जरा हे भरून दे रे" म्हणतो. दरवेळी असं दुसऱ्यापुढे फोन धरावा लागणं किती जिवावर येतं, याचा विचार करा. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीने, स्वतः खरेदी करता येणं ही साधी गोष्ट आहे, पण ती मान देणारी गोष्ट आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातल्या साधारण २९ लाख ६० हजार एकट्या महाराष्ट्रात. दृष्टीची अडचण, ऐकण्याची अडचण आणि हालचालीची अडचण या तिन्ही गटांत देशभरात प्रत्येकी ५० लाखांहून जास्त माणसं होती. आणि तेव्हा मोजणी फक्त ८ प्रकारांची झाली होती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे साधारण दर सहा माणसांमागे एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो.

यात वयोमानाने चष्म्याचा नंबर वाढलेले, हात प्लास्टरमध्ये असलेले, भर उन्हात बसस्टॉपवर उभं राहून फोन बघणारे धरलेलेच नाहीत. त्यांनाही याच दुरुस्त्या उपयोगी पडतात.

आता दुसरी बाजू. वेबएम नावाची अमेरिकेतली संस्था दरवर्षी जगातल्या १० लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासते. २०२४ मध्ये त्यातल्या ९५.९ टक्के पानांवर सुगम्यतेच्या चुका सापडल्या. सगळ्यात जास्त आढळलेली चूक कोणती? फिकट अक्षरं. तब्बल ८१ टक्के पानांवर. त्यानंतर फोटोंना वर्णन नसणं आणि फॉर्मच्या रकान्यांना नाव नसणं. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांच्या साइटही यात कच्च्या आहेत. छोट्या उद्योजकासाठी ही संधी आहे, कारण तुमची साइट आठ-दहा पानांची. एका शनिवार-रविवारात सुधारता येते.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, त्यांनी सुगम्यतेचे नियम पाळावेत, असं त्याचं कलम ४६ सांगतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की हे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, बंधनकारक असले पाहिजेत. पुढे ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे यावरून कळतं. उद्या घाईगडबडीत करण्यापेक्षा आज शांतपणे केलेलं बरं.

चार प्रश्न, एवढाच सगळा अभ्यास

वेबसाइटच्या सुगम्यतेचे जगभर मानले जाणारे नियम डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखले जातात. वेबचे मानक ठरवणारी डब्ल्यू३सी ही संस्था ते काढते. पहिली आवृत्ती १९९९ ची, आताची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर आहेत. आपण डबल ए हे लक्ष्य ठेवायचं.

नियम भरपूर आहेत, पण सगळे चार प्रश्नांत बसतात:

- ग्राहकाला ते जाणवतं का? (दिसून, ऐकून किंवा स्पर्शाने)
- त्याला ते चालवता येतं का? (माउस नसला तरी, बोट थरथरलं तरी)
- त्याला ते समजतं का?
- त्याच्या फोनवरच्या, त्याच्या सॉफ्टवेअरवर ते चालतं का?

कुठलंही पान बघताना हे चार प्रश्न विचारा. आता प्रत्यक्ष कामाला लागू.

काम १ : रेट कार्डचा फोटो काढून टाका

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी अडचण ही आहे. दिवाळीचं सुंदर बॅनर डिझाइन करून घेतलं, त्यातच चकली, चिवडा, अनारसे, सगळे दर लिहिले आणि तो एक फोटो साइटवर चढवला. आपल्याला दर दिसतात. स्क्रीन रीडरला मात्र ती नुसती एक इमेज असते. आपले बँकेतले ग्राहक तिथे पोचले की फोन म्हणतो, "इमेज". संपलं. आजींनी तो फोटो मोठा केला तर अक्षरं फुटतात.

उपाय सोपा आहे. बॅनर शोभेला राहू द्या, पण दर पानावर मजकूर म्हणून टाइप करा. पदार्थ, वजन, किंमत. बोनस म्हणजे गूगललाही तो मजकूर वाचता येतो, त्यामुळे "भाजणीची चकली ऑनलाइन" शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडता.

काम २ : प्रत्येक फोटोला दोन ओळींचं वर्णन

फोटो चढवताना वर्डप्रेस, शॉपिफाय, विक्स अशा सगळ्यांत ऑल्ट टेक्स्ट नावाचा एक रकाना असतो. आपण तो रिकामा सोडतो. स्क्रीन रीडर फोटोच्या जागी तोच मजकूर वाचतो. तो नसेल तर काही वेळा फाइलचं नावच वाचलं जातं: "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य चार पाच".

"फोटो" किंवा "चकली" एवढंच लिहू नका. फोनवर मावशीला सांगताना जसं सांगाल तसं लिहा: "पारदर्शक डब्यात भाजणीची चकली, अर्धा किलोचा पॅक, झाकणावर सील." पुन्हा "हा फोटो आहे" लिहायची गरज नाही, ते फोन स्वतः सांगतो. आणि नुसती नक्षी, पणत्यांची किनार वगैरे असेल तर ती सजावट म्हणून मोकळी सोडा. तिचं वर्णन वाचत बसायला कुणाला वेळ नाही.

काम ३ : जुना मराठी फॉन्ट तपासा

हा मुद्दा इंग्रजी व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून नीट वाचा. आपल्याकडे डीटीपीच्या काळापासून श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मजकूर तयार होतो. छापायला तो उत्तम. पण त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये आत साठवलेली अक्षरं मराठी नसतातच; ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्यांना "चकली" दिसतं आणि स्क्रीन रीडर भलतीच अक्षरं बडबडतो. गूगललाही काही कळत नाही.

तपासायचं कसं? साइटवरचा किंवा पीडीएफमधला मजकूर कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, ठीक. अगम्य अक्षरं आली तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा फोनच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, बालू असे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात.

सोबत आणखी एक सेटिंग: वेबसाइटच्या सेटिंगमध्ये पानाची भाषा मराठी ठेवा. ती इंग्रजीच राहिली असेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो किंवा गाळून टाकतो.

काम ४ : अक्षर आणि मागचा रंग

डबल ए स्तरासाठी साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा. मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो. हे मोजणारी फुकटची साधनं आहेत. "कॉन्ट्रास्ट चेकर" शोधलं की मिळतात. दोन रंग टाकायचे, आकडा येतो. आपल्या आवडत्या काही जोड्या बघा:

- पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं: साधारण २.८ : १. नापास.
- केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं: साधारण २.१ : १. नापास.
- व्हॉट्सॲपच्या हिरव्या बटणावर पांढरी अक्षरं: साधारण २ : १. नापास.
- पांढऱ्यावर गडद मरून: जवळजवळ ११ : १. उत्तम.
- पिवळ्यावर काळी अक्षरं, म्हणजे टॅक्सी-टेम्पोच्या नंबरप्लेटची जोडी: उत्तमच.

म्हणजे केशरी पट्टी ठेवायची तर ठेवा, पण तिच्यावर अक्षरं काळी किंवा गडद तपकिरी घ्या. दिवाळीचा रंग जात नाही आणि आजींना दर दिसतात.

देवनागरीसाठी अजून एक. बारीक, सडपातळ फॉन्टमध्ये जोडाक्षरं आणि अनुस्वार पुसट होतात. ओळींमध्ये जागा कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हणून अक्षर थोडं जाड, आणि ओळींतलं अंतर अक्षराच्या साधारण दीडपट ठेवा.

काम ५ : नुसत्या रंगाने काही सांगू नका

"हिरवा ठिपका म्हणजे उपलब्ध, लाल म्हणजे संपलं." आपल्या पाचव्या ग्राहकाला दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. ठिपक्याशेजारी शब्द लिहा: "उपलब्ध", "संपलं". फॉर्ममध्येही चुकलेला रकाना नुसता लाल करू नका.

काम ६ : ऑर्डरचा फॉर्म

पैसे इथे येतात, त्यामुळे इथे जास्त वेळ द्या.

प्रत्येक रकान्याच्या वर त्याचं नाव कायम दिसू द्या: "पूर्ण नाव", "मोबाइल नंबर", "पिनकोड". अनेक फॉर्ममध्ये हे नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत असतं आणि टाइप करायला लागलं की गायब होतं. मग आपण कुठे काय भरत होतो हे आजींनाच काय, आपल्यालाही आठवत नाही. शिवाय हे नाव कोडमध्ये रकान्याला नीट जोडलेलं हवं, नाहीतर स्क्रीन रीडर फक्त "एडिट बॉक्स" म्हणून गप्प बसतो.

चूक झाली तर काय चुकलं आणि कसं सुधारायचं ते शब्दांत सांगा. "अवैध माहिती" हे उत्तर नव्हे. "मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक लिहिलेत" हे उत्तर.

आणि वेळ. ओटीपी ३० सेकंदांत भरा, कार्ट ५ मिनिटांत रिकामं होईल, असल्या अटी थरथरत्या हाताच्या काकांना बाहेर काढतात. वेळ वाढवा, किंवा "आणखी वेळ हवा" असं बटण द्या. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर तोही काढा. छोट्या दुकानाला त्याची बहुतेक वेळा गरज नसते.

काम ७ : बटणं आणि लिंक

बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं, ही नियमातली किमान मर्यादा. तुम्ही ४४ धरा. "वाढवा" आणि "काढून टाका" ही बटणं एकमेकांना चिकटलेली नकोत.

लिंकवर "इथे क्लिक करा" लिहू नका. स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळदा नुसत्या लिंकची यादी ऐकतात. त्यांना ऐकू येतं: "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा." त्याऐवजी "फराळाचे दर बघा", "परतीचे नियम वाचा" असं लिहा.

काम ८ : फक्त फोन नंबर पुरत नाही

"ऑर्डरसाठी कॉल करा" एवढंच लिहिलं की आपला ऐकू न येणारा तरुण तिथेच थांबला. व्हॉट्सॲप, एसएमएस किंवा ईमेल, यातला एक तरी लिखित मार्ग शेजारी द्या. डिलिव्हरीवाल्यालाही सूचना जाऊ द्या. पत्त्याच्या फॉर्ममध्ये "कॉलऐवजी मेसेज करा" असा एक चौकोन ठेवला तरी पुरे. तुम्ही रेसिपीचे व्हिडिओ टाकत असाल तर खाली मराठी कॅप्शन द्या. आपोआप आलेली कॅप्शन असली तरी ती एकदा वाचून दुरुस्त करा. लोकलमध्ये आवाज बंद ठेवून बघणारेही तुमचे आभार मानतील.

आता स्वतः परीक्षा घ्या : अर्ध्या तासाच्या पाच चाचण्या

चाचणी १, माउस बाजूला ठेवा. लॅपटॉपवर फक्त टॅबचं बटण दाबत दाबत एक ऑर्डर पूर्ण करा. आपण आत्ता कुठे आहोत ते चौकट किंवा रेघ दिसून कळतंय का? कुठे अडकलात का?

चाचणी २, पान २०० टक्के मोठं करा. कंट्रोल आणि अधिक चिन्ह. मजकूर एकमेकांवर चढतो का? "खरेदी करा" बटण गायब होतं का?

चाचणी ३, फोनचा डिस्प्ले काळा-पांढरा करा. सेटिंगमध्ये रंगांचे पर्याय असतात. आता कुठला माल संपलाय ते कळतंय का?

चाचणी ४, टॉकबॅक. सेटिंग, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक. सुरू करण्याआधी बंद कसं करायचं ते वाचून घ्या, कारण सुरू झाल्यावर फोन वापरायची पद्धत बदलते. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. डोळे मिटा आणि अर्धा किलो चिवडा मागवून बघा. पहिल्यांदा गोंधळ होईल. तो सवयीचा की साइटचा, हे ओळखा: फोनने नाव सांगितलं पण तुम्हाला जमलं नाही, तर सवयीचा. फोन नुसताच "बटण", "इमेज" म्हणाला, तर साइटचा. लॅपटॉपवर करायचं असेल तर विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे.

चाचणी ५, यंत्राची तपासणी. क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस किंवा वेबएमचं वेव्ह हे साधन चालवा. चुकांची यादी मिळते. पण यंत्राला सगळं कळत नाही. ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही हे ते सांगेल. चकलीच्या फोटोला "लाडू" लिहिलंय हे नाही सांगणार. १०० पैकी १०० आले म्हणून पेढे वाटू नका.

आणि सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे खरा ग्राहक. ओळखीत कुणी स्क्रीन रीडर वापरणारं असेल तर त्यांना तासभर साइट वापरून बघायला सांगा. मात्र त्यांच्या वेळेचं मानधन द्या. डिझायनरला पैसे देतो ना, तसेच. ते वापरत असताना मध्ये मध्ये मदत करू नका. गप्प बसा, बघा आणि लिहून घ्या.

डेव्हलपरला काय सांगायचं?

साइट दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर काम देतानाच हा मेसेज पाठवा. कॉपी करा, आपल्या गरजेप्रमाणे बदला:

"साइट डब्ल्यूसीएजी २.२ च्या डबल ए स्तराप्रमाणे हवी. संपूर्ण ऑर्डर फक्त कीबोर्डवर आणि टॉकबॅक वापरून पूर्ण करता आली पाहिजे. सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये हवा, पानाची भाषा मराठी ठेवावी. प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट आणि प्रत्येक रकान्याला कायम दिसणारं लेबल हवं. या गोष्टी मी स्वतः तपासेन आणि त्यानंतर शेवटचा हप्ता देईन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आधी सांगितलं तर हे काम नेहमीच्या कामातच होऊन जातं. साइट पूर्ण झाल्यावर सांगितलं तर तोडफोड करावी लागते आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. घर बांधताना उतार करणं आणि बांधल्यावर पायऱ्या फोडणं, यात जेवढा फरक, तेवढाच.

एका गोष्टीपासून सावध

"कोडची एक ओळ टाका, साइट लगेच सुगम्य!" अशा जाहिराती येतात. साइटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, दाबलं की अक्षर मोठं करायचे पर्याय दिसतात. पण अक्षर मोठं करायची सोय ग्राहकाच्या फोनमध्ये आधीच असते. आतला फॉर्म मोडका असेल तर वरून लावलेला स्टिकर तो दुरुस्त करत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा दावा करणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. तुम्ही दर महिन्याचं भाडं भरण्यापेक्षा तेच पैसे फॉर्म दुरुस्त करायला द्या.

"सर, माझी वेबसाइटच नाहीये"

हरकत नाही. व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूच्या वर्णनात वजन, घटक आणि किंमत लिहा. सगळं फोटोवर सोडू नका. ग्रुपवर बॅनर टाकलात तर खाली तोच मजकूर टाइप करा. इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकताना पुढच्या सेटिंगमध्ये ऑल्ट टेक्स्टचा पर्याय आहे, तो भरा. एका ओळीत दहा-दहा इमोजी नकोत. स्क्रीन रीडर प्रत्येकाचं नाव वाचतो. "फटाका, फटाका, दिवा, दिवा, मिठाई..." ऐकून माणूस पुढे सरकतो. दुकान असेल तर गूगलवरच्या तुमच्या नोंदीत व्हीलचेअर आत येते की नाही ते खरं खरं भरा.

खर्चाचा हिशेब

वरच्या आठ कामांपैकी पहिली पाच तुम्ही स्वतः, पैसे न घालता करू शकता. फॉर्म आणि बटणांसाठी कदाचित डेव्हलपरचे काही तास लागतील. आता कमाईची बाजू धरा. समजा, एक घर एका वेळी ६५० रुपयांची ऑर्डर देतं आणि वर्षातून चारदा देतं. वर्षाचे २,६००. पाच वर्षं टिकलं तर १३,०००. अशी फक्त चार घरं तुमच्या फॉर्मवरून परत जात असतील तर ५२,००० रुपये. हा निव्वळ नफा नाही, विक्री आहे, आणि आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे घालून करून बघा. शिवाय ज्याला एकदा नीट खरेदी करता आली, तो ग्राहक सहसा सोडून जात नाही. आणि तो दहा जणांना सांगतो.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवार: रेट कार्ड टाइप करा.
मंगळवार: दहा फोटोंना ऑल्ट टेक्स्ट लिहा.
बुधवार: कॉपी-पेस्ट करून फॉन्ट तपासा, भाषेची सेटिंग बघा.
गुरुवार: रंगांचा कॉन्ट्रास्ट मोजा आणि रंगाशेजारी शब्द लिहा.
शुक्रवार: "कॉल करा"च्या शेजारी लिखित मार्ग द्या.
शनिवार: पाचही चाचण्या घ्या, यादी करा.
रविवार: यादी डेव्हलपरला पाठवा.

एकदा करून सोडून देऊ नका. नवीन पदार्थ चढवला की त्याचं वर्णन, नवीन बॅनर आलं की खाली मजकूर. दर तीन महिन्यांनी एकदा टॉकबॅक लावून स्वतः एक ऑर्डर देऊन बघा.

टॉकबॅकच्या चाचणीत तुमची गाडी नेमकी कुठल्या पायरीवर अडली, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. सगळ्यात जास्त जणांना जिथे अडचण येईल, ती पायरी पुढच्या व्हिडिओत एकत्र दुरुस्त करू. आणि तुम्ही स्वतः स्क्रीन रीडर वापरत असाल तर या यादीत काय राहिलं ते नक्की सांगा, तुमचा अनुभव इथल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर कामाला लागा!